विश्रामबागवाड्याची बिऱ्हाडे

विश्रामबागवाडा पाहायला सुरुवात करावी ती खांबांपासून. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर, तुळशीबागेतून पिशव्या सावरत बाहेर पडणाऱ्या गर्दीत, हॉर्नच्या कोलाहलाकडे क्षणभर काणाडोळा करून आपण मान वर केली, की दर्शनी भिंतीतून पुढे झुकलेला लाकडी सज्जा दिसतो आणि त्या सज्ज्याची सारी शोभा आपल्या अंगावर घेऊन उभे असलेले सुरूचे खांब दिसतात. लाकूड सागाचे, आकार सुरूच्या झाडाचा. तळाशी पानापाकळ्यांच्या वेढ्यातून फुगून वर आलेला बुंधा, मग पन्हळी पाडलेला आणि वर जाता जाता हलकेच निमुळता होत गेलेला देह, आणि माथ्याशी पुन्हा एकदा फुलारलेली कळी. झाडाला खांब करायचे, तर त्याचे झाडपण आधी तासून टाकावे लागते. पण इथल्या सुताराने ते तासून टाकल्यावर पुन्हा त्याच लाकडात दुसरे झाड कोरून ठेवले आहे. सागाने सुरूचे सोंग घेतले आहे, आणि सोंग इतके मनापासून वठले आहे की त्याखाली शेकडो मण वजन आहे हे आपण विसरून जातो.

आता नजर खांबांच्या मधल्या जागेकडे न्यावी. दोन खांबांना जोडणारी, पाकळ्यापाकळ्यांची नक्षीदार महिरप तिथे आहे. प्रथमदर्शनी वाटते, की वरचा सगळा भार या कमानीवरूनच खांबांत उतरत असणार, कारण दगडी कमानी पाहून आपल्या डोळ्यांना तशी सवय लागलेली असते. मराठा वाड्यांतली लाकडी महिरप मात्र भार वाहत नाही. भार वाहते ती तिच्या वरची सरळसोट, अबोल तुळई. महिरप ही खांब आणि तुळई यांच्यामधल्या कोऱ्या चौकटीत बसवलेली कोरीव फळी. उद्या ती काढून ठेवली तरी वाडा हलणार नाही, फक्त उघडाबोडका दिसेल. तिच्या अंगाखांद्याशी येणारे केळफूलही असेच, निव्वळ आनंदाचे. मिटलेल्या कोक्यासारखे ते टपोर, खाली तोंड केलेले फूल मराठा सुतारांना इतके का आवडावे, याचे शास्त्रोक्त कारण शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्या प्रदेशात सत्यनारायणापासून लग्नाच्या मांडवापर्यंत प्रत्येक मंगल दारी केळीचे खुंट उभे राहतात, तिथे लाकडालाही केळ फुटावी यात नवल नाही.

महिरपीवर इतका वेळ रेंगाळलो त्याला कारण आहे. शोभेचे लाकूड निराळे आणि भाराचे लाकूड निराळे, ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण आत शिरलो, की अवघ्या वाड्याची घडण उलगडू लागते. पुण्यातले जुने वाडे बांधले गेले ते खणांच्या मापाने. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, असा लाकडाचा सांगाडा आधी उभा राहायचा आणि मग जिथे आडोसा हवा तिथे विटांची भिंत भरली जायची. भिंत पुष्कळदा नुसती पडद्याच्या कामाची. ती आज इथे असेल, उद्या दोन खण पलीकडे सरकेल, परवा मुळीच नसेल. सांगाडा आपल्या जागी. कुणाचे घर पाच खणी, कुणाचे सात खणी, आणि पेशव्याचे असेल तर खण मोजायला कारकून लागणार एवढाच फरक. या खणाला स्वतःचा असा व्यवसाय नसतो. तिथे पंगत बसते, जमाखर्च लिहिला जातो, पाळणा टांगला जातो, पाहुणा आला तर सतरंजी अंथरली जाते. सोपा, ओसरी, पडवी ही सारी ठिकाणे चौकाच्या कुठल्या अंगाला आहेत एवढेच ठरलेले असते; तिथे काय करायचे हे दिवस ठरवतो, ऋतू ठरवतो, घरातली वडीलधारी माणसे ठरवतात.

आणि मध्ये चौक. विश्रामबागवाड्यात एकाआड एक असे तीन चौक आहेत. रस्त्याच्या गजबजाटातून आपण दरवाज्याच्या अंधारात शिरतो, त्या अंधारात डोळे जरा गोंधळतात, आणि ते स्थिरावतात न स्थिरावतात तोच समोर आभाळाचा एक चौकोनी तुकडा अंगणात उतरलेला दिसतो. उजेड वरून येतो, सोप्यांच्या खांबांना एका बाजूने उजळतो, मग कडीपाटाखाली शिरता शिरता मंद होत जातो. पुण्यातला उन्हाळा कोरडा आणि रात्री थंडावणारा. रात्रीचा गारवा चौकात साठून राहतो आणि दुपारी सोप्यातल्या माणसांना पुरवून पुरवून मिळतो. पावसाळ्यात चारी बाजूंची पागोळी इथेच गळायची. चौकामुळे प्रत्येक दालनाला दोन तोंडे मिळतात, एक आत, एक बाहेर. आणि कुठल्याही दालनातून कुठल्याही दालनात जायला कुणाच्या खासगी खोलीतून जावे लागत नाही. ही शेवटची गोष्ट साधी वाटते खरी, पण वाड्याच्या पुढच्या दोनशे वर्षांच्या नशिबाची किल्ली तीच आहे. जिथे चौकाभोवती फिरता येते, तिथे शाळा भरू शकते. जिथे शाळा भरू शकते, तिथे कचेरीही थाटता येते.

वाडा बांधणाऱ्याच्या मनात अर्थात यातले काहीच नव्हते. दुसऱ्या बाजीरावाविषयी मराठी मनाला फारसा जिव्हाळा नाही, आणि वसईच्या तहावर १८०२ च्या अखेरच्या दिवशी सही करून इंग्रजांच्या आधाराने गादीवर परतलेल्या पेशव्याविषयी तो असावा तरी का! पण रसग्रहण करताना आपण न्यायाधीशाची खुर्ची थोडी बाजूला सारू. शनिवारवाड्यासारखा तटबुरुजांचा दरारा असलेला वाडा हाताशी असताना या माणसाने १८०७ च्या सुमारास सुमारे दोन लाख रुपये खर्चून शहराच्या दुसऱ्या अंगाला हे घर बांधले आणि पुढची दहा-अकरा वर्षे मुक्काम मुख्यतः इथे ठेवला. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला होता, आणि खून करवल्याचा ठपका ज्याच्यावर आला तो राघोबा म्हणजे या बाजीरावाचा बाप. त्या भिंतींत त्याला झोप लागत नसेल, असे आपण म्हणू शकतो. पण ते कादंबरीकारांवर सोडू. वास्तूकडे पाहिले तर एवढे खात्रीने सांगता येते, की शनिवारवाडा हा शत्रूकडे तोंड करून बांधलेला आहे आणि विश्रामबागवाडा रस्त्याकडे. इथे बुरुज नाहीत, इथे सज्जा आहे. सज्ज्यातून बाण मारत नाहीत, मिरवणूक पाहतात.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी बाजीरावाची रवानगी ब्रह्मावर्ताला झाली, आणि पुण्यात पेशव्यांचे वाडे उरले, पेशवे उरले नाहीत. रिकाम्या राजवाड्यांचे काय करायचे, हा प्रश्न आज आपल्याला शहररचनेच्या परिषदांतला वाटतो. पुण्यापुढे तो १८१८ मध्येच येऊन ठेपला होता. शनिवारवाड्यातल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, आणि आज आपण तिथे जोती पाहतो, कारंजी पाहतो, उरलेले सगळे कल्पनेने बांधून घेतो. विश्रामबागवाड्याच्या वाट्याला मात्र लवकरच नवे बिऱ्हाड आले. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणेच्या निधीतला काही पैसा वळवून इंग्रज सरकारने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता आणि दख्खनचा कमिशनर होता चॅप्लिन. पेशव्याचा पैसा, पेशव्याचे घर, आणि विद्यार्थी नव्या सरकारचे! राजकारण म्हणून पाहिले तर ही मोठी चतुर खेळी होती. पण वास्तूच्या बाजूने विचार केला तर बदल किती अलगद झाला हे पाहण्यासारखे आहे. शास्त्रीबुवांनी एका सोप्यात व्याकरणाची बैठक मांडायची, दुसऱ्यात न्यायाची, तिसऱ्यात ज्योतिषाची. मध्ये चौक, वर आभाळ. पाठशाळेसाठी एखादी इमारत मुद्दाम बांधायला घेतली असती, तरी ती याहून फार निराळी झाली असती असे मला वाटत नाही.

हीच पाठशाळा १८५१ मध्ये पूना कॉलेज झाली, १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या बाजूला आपल्या दगडी इमारतीत राहायला गेली. म्हणजे डेक्कन कॉलेजचे बालपण या केळफुलांखाली गेले. पाठशाळेच्या देखरेखीसाठी १८३७ पासून इथे आलेला मेजर टॉमस कँडी हा या बिऱ्हाडातला सर्वांत गमतीदार भाडेकरू. मोल्सवर्थच्या कोशकार्यातला हा सहकारी. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यानेच तडीला नेला. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. मोडीच्या अखंड वाहणाऱ्या ओळींवर पोसलेल्या भाषेला कुठे थांबायचे, कुठे नुसते अडखळायचे, कुठे प्रश्न विचारायचा हे शिकवणारा साहेब विश्रामबागेत काम करत होता, हा योगायोग मला फार गोड वाटतो. वरच्या वाक्यांत मी स्वल्पविरामांची जी उधळपट्टी केली आहे, तिचा थोडा दोष त्यामुळे या वाड्याकडेही जातो.

याच वाड्यात, याच मेजर कँडीच्या हस्ते, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीराव फुले यांना सरकारच्या वतीने शालजोडी देण्यात आली. या प्रसंगापाशी आपण जरा थांबू या. जोतीराव तेव्हा पंचविशीचे. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी शाळा काढल्या म्हणून हा सत्कार. शाळेपायी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले होते, रस्त्याने जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जात होता. आणि सत्काराचे स्थळ कोणते? तर ज्याच्या राज्यात दक्षिणा फक्त ब्राह्मणाला मिळे, त्या पेशव्याचे राहते घर. ज्या पाठशाळेचा पाया त्याच दक्षिणेवर घातला गेला, तिचे आवार. जुन्या इमारतीला नवा उपयोग सापडणे म्हणजे केवळ कौले शाकारून घेणे नव्हे, हे या एका दिवसाकडे पाहिले की उमगते. सुरूचे खांब तेच, महिरपी त्याच, चौकात उतरणारे ऊनही तेच. पण त्या उन्हात कोण उभा राहू शकतो, हे पस्तीस वर्षांत बदलले होते. नवी कोरी इमारत बांधून तिथे हा सत्कार झाला असता तर तो निव्वळ समारंभ झाला असता. इथे तो झाला म्हणून त्याला धार आली. त्या दिवशी वाड्याने काही केले नाही, त्याने नुसती जागा दिली, आणि मला विचाराल तर त्याच्या सगळ्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता. बाजीराव इथे दहा-अकरा वर्षे राहिला. तरी मी दर्शनी दरवाज्यातून आत जातो तेव्हा मला आठवतो तो त्या एका दिवसापुरता आलेला पाहुणा.

१८७९ च्या मे महिन्यात वाड्यावर आगीचे संकट आले. त्याच वेळी बुधवारवाडा भस्मसात झाला, विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस; सरकारचा संशय त्या दिशेने धावला, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाची धुळ्याला बदली होण्यापर्यंत त्याची झळ पोचली. पण आगीनंतरची गोष्ट अधिक वेधक आहे. वाड्याचा जळालेला भाग पुन्हा उभा राहिला तो लोकवर्गणीच्या आधाराने. राजाचे घर दुरुस्त करायला प्रजेने वर्गणी काढली, आणि तेही राजा जाऊन साठ वर्षे झाल्यावर! तोवर ते राजाचे घर राहिलेच नव्हते, शहराचे झाले होते. ज्यांची मुले तिथे शिकली, ज्यांची कामे तिथे पडत, त्यांना ते आपले वाटू लागले होते. खणांची रचना इथेही उपयोगी पडली असणार. जळालेले खण काढायचे, नवे खांब उभे करायचे, शेजारच्या तुळयांना तुळया जोडायच्या. उरलेल्या वाड्याला हातही लावायला नको. सबंध एकसंध भिंतींची इमारत अशी टाके घालून शिवता येत नाही.

विसाव्या शतकात इथे नगरपालिका आली आणि १९३० पासून पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत शहराचा कारभार या दालनांतून चालला. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तीही याच छपराखाली. या काळाबद्दल लिहायला कुणाला फारसा उत्साह नसतो. नळजोडण्यांचे अर्ज आणि घरपट्टीच्या पावत्या यांत काव्य ते काय? मला मात्र त्यात एक निर्मळ आनंद वाटतो. जिथे हुजऱ्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नव्हते, तिथे कुठल्याही पेठेतला कुठलाही माणूस घरपट्टीबद्दल हुज्जत घालायला येऊ शकत होता, आणि पुण्याचा माणूस ती कशी घालतो हे मी सांगायला नको. पालिका गेल्यावरही वाडा ओस पडला नाही. टपाल कचेरी राहिली, ग्रंथालय राहिले, हस्तकलेच्या वस्तूंचे दुकान आले, शहराच्या जडणघडणीचे ‘पुणवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन आले. पुणेकरांच्या किती पिढ्यांनी इथल्या पोस्टात आंतर्देशीय पत्रे आणि मनीऑर्डरी टाकल्या असतील! पेशव्याच्या दारात उभे राहून चार आण्यांचे तिकीट चिकटवायचे, ही चैन फार थोड्या शहरांना परवडते.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमधून हिंडताना या वाड्याची किंमत अधिक कळते. तिथले वाडे एकेक करून जात आहेत. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक गेलेच. उरलेल्यांना भाऊबंदकीने, गोठलेल्या भाड्यांनी आणि चटईक्षेत्राच्या आकड्यांनी घेरले. भाडे इतके नाममात्र, की मालकाला कौल बदलणे परवडत नाही. आणि तळहाताएवढ्या दोन खोल्यांत चौथी पिढी वाढवणाऱ्या भाडेकरूला स्वतःचे स्वच्छतागृह हवे असते, ही मागणी काही वावगी नाही. वाड्यात सार्वजनिक संडासासमोर बादली घेऊन उभे राहावे लागलेल्या माणसाला केळफुलांचे कौतुक ऐकवणे क्रूरपणाचे आहे. म्हणून वाडा पाडून पाच मजली इमारत बांधणाऱ्यांवर मी सरसकट डोळे वटारणार नाही. नंतर त्याच इमारतीच्या फाटकावर कुणाच्या तरी ‘वाड्या’चे नाव डौलाने झळकते, तेव्हा हसू येते इतकेच. पण ज्या थोड्या वाड्यांना योग्य वेळी योग्य भाडेकरू मिळाला, ते तगले, हेही तितकेच खरे. गायकवाडवाडा टिळकांनी घेतला, तिथे ‘केसरी’ आला, आणि आज तो वाडा त्या वृत्तपत्राच्या नावानेच ओळखला जातो. रिकामा वाडा वाळवी खाते. वापरातल्या वाड्यात निदान कुणीतरी गळका कोपरा दाखवून कटकट करते, आणि लाकडी घर जगवायला रोजच्या कटकटीसारखे दुसरे औषध नाही.

विश्रामबागवाड्याच्या जीर्णोद्धाराची कामे महापालिकेने गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने केली. या कामातली खरी कला डोळ्यांना दिसू न देण्यात असते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा फासला, तर भिंतीतली ओल आत कोंडते आणि शेजारचे लाकूड कुजू लागते. म्हणून चुन्याला चुनाच लागतो, तोही मुरवलेला, घाई न करता लावलेला. खांबाचा तळ सडला असेल तर सबंध खांब बदलायचा नाही, सडलेला भाग कापून तेवढाच नवा तुकडा सांध्यात बसवायचा, म्हणजे वरची दोनशे वर्षांपूर्वीची छिन्नी शाबूत राहते. नव्या सागाचा रंग काही काळ उजळ दिसतो. मला तो तसाच दिसावा असे वाटते. रंगरोगण करून सगळे एकसारखे जुने करून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण बारकाईने पाहणाऱ्याला मग वाचायला काही उरत नाही.

आता प्रश्न उरतो पुढच्या बिऱ्हाडाचा. अशा वास्तूचे काय करावे असे विचारले, की हात चटकन वर होतो तो संग्रहालयासाठी. संग्रहालयाला माझा विरोध नाही, पण संग्रहालय म्हणजे वाड्यांचे निवृत्तिवेतन. ते सन्मानाने मिळते आणि मग कुणी फारसे विचारायला येत नाही. शनिवारवाड्यापासून निघणाऱ्या वारसा फेरीतली मंडळी इथे येतात, मार्गदर्शकाचे ऐकतात, छायाचित्रे काढतात. त्यांचे स्वागतच आहे. मात्र ज्याला वाडा पाहायचाच नाही असा माणूसही इथे यायला हवा. एखादी अभ्यासिका चालावी, जिथे स्पर्धा परीक्षेची मुले सोप्यात पुस्तके मांडून बसतील. चौकात संध्याकाळी एखादी मैफल व्हावी. आणि काहीही झाले तरी दर्शनी बाजूला एक खिडकी चालू राहावी, मग तिथे टपाल तिकिटे विकोत, दाखले देवोत, नाहीतर मिळकतकर घेवोत. कारण रांगेत उभ्या राहिलेल्या पुणेकराला पुढच्या माणसाला सूचना करून झाल्यावर वर पाहण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो, आणि वर तर केळफुले आहेत.